पाव, पोळी आणि वजनाचा ताळेबंद

ज्या नगरीचा आराखडा मानवी देहाची रचना डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला, अशी नगरी म्हणजे चंदीगड. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९५० च्या दशकात या शहराची आखणी केली. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय असलेला कॅपिटॉल परिसर हे शहराचे मस्तक, सेक्टर १७ मधील व्यापारपेठ हे हृदय आणि वस्त्यांमधून जाणारे हिरवे पट्टे ही फुप्फुसे, अशी त्यामागील कल्पना होती. याच सेक्टर १७ मध्ये अनेक बँकांची कार्यालये असलेला 'बँक स्क्वेअर' आहे. प्रशस्त पदपथ, विस्तीर्ण उद्याने आणि १९५८ मध्ये निर्माण केलेला सुखना तलाव यांमुळे चालण्याफिरण्याची एवढी सोय देशातील फार थोड्या शहरांत आढळेल.

असे असूनही या देहरूपी नगरीतील माणसांच्या देहाचा भार मात्र वाढत गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिॲब' या मधुमेहविषयक राष्ट्रीय पाहणीचा पहिला टप्पा २००८ ते २०१० या काळात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथे पार पडला. चंदीगडमधील कामात तेथील 'पी.जी.आय.' या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ख्यातनाम वैद्यकीय संस्थेतील तज्ज्ञांचा सहभाग होता. या पाहणीनुसार प्रौढांमधील स्थूलतेचे प्रमाण झारखंडमध्ये ११.८ टक्के, महाराष्ट्रात १६.६ टक्के, तमिळनाडूत २४.६ टक्के, तर चंदीगडमध्ये तब्बल ३१.३ टक्के आढळले. पोटाचा घेर वाढलेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात १८.७ टक्के होते, तर चंदीगडमध्ये ३६.१ टक्के. मधुमेहाचे प्रमाण अनुक्रमे ८.४ आणि १३.६ टक्के होते. चंदीगड हा जवळजवळ संपूर्णपणे नागरी प्रदेश असल्याने खेड्यापाड्यांसह संपूर्ण राज्याशी त्याची तुलना सावधपणेच करावी लागते, हे खरे. परंतु शहरी राहणीचे फलित काय असू शकते, याचा आरसा म्हणून या आकड्यांकडे पाहता येते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही चंदीगडमधील ४४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. संपूर्ण देशात हेच प्रमाण २४ टक्के होते.

वजन वाढू लागले की घरोघरी पहिला आरोप होतो तो पावावर. "ब्रेड बंद करा, वजन आपोआप उतरेल," हा सल्ला कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत हमखास ऐकू येतो. महाराष्ट्रातून बदली होऊन उत्तरेकडे आलेल्या, कुटुंबापासून दूर एकटे राहणाऱ्या बँक कर्मचाऱ्याची तर वेगळीच अडचण असते. सकाळी पोळी लाटायला वेळ नसतो, म्हणून ब्रेड आणि लोणी हाच त्याचा नित्याचा नाश्ता होऊन बसतो. वर्ष-दीड वर्षाने सुट्टीवर घरी गेल्यावर आई विचारते, "अरे, अंग एवढे कसे सुटले?" आणि दोष पावाच्या माथी येतो. हा आरोप कितपत खरा आहे, याचा शांतपणे हिशोब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

पावाचा प्रवास

पाव हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आणि पदार्थ गोव्याच्या वाटेने. गोव्यात आजही सकाळी सायकलवरून पाव विकणारा पोदेर आणि कोंड्यासह भाजलेली 'पोई' लोकांच्या ओळखीची आहे. मुंबईत लादीपावाने गिरणी कामगाराच्या न्याहारीत स्थान मिळवले. पुढे वडापाव, मिसळपाव आणि पावभाजी यांनी तर पावाला महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. उत्तर भारतात यंत्रावर तयार झालेल्या पावाला 'डबल रोटी' हे नाव रूढ झाले. केंद्र सरकारने १९६५ मध्ये 'मॉडर्न बेकरीज' ही कंपनी स्थापन केल्यावर कागदात गुंडाळलेला, कापांचा ब्रेड देशातील मध्यमवर्गीय घरांत रुळला. २००० मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लीव्हरकडे गेली. निर्गुंतवणुकीच्या इतिहासातील तो एक महत्त्वाचा आरंभीचा व्यवहार म्हणून अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

पंजाबच्या परिसरात गव्हाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. तंदूरमधील रोटी, लोण्याचा गोळा ठेवलेला पराठा, छोल्यांबरोबरचा कुलचा आणि पावसाळी संध्याकाळचा ब्रेड पकोडा हे सारे गव्हाचेच आविष्कार. म्हणून चंदीगडमध्ये 'पाव की रोटी' हा प्रश्न वस्तुतः एकाच धान्याच्या दोन रूपांचा प्रश्न आहे.

एका कापाची किंमत

वजनाचा व्यवहार मुळात बँकेच्या खात्यासारखा आहे. अन्नातून मिळणारे उष्मांक, म्हणजेच कॅलरी, ही जमा आणि शरीराच्या सर्व क्रियांसाठी होणारा खर्च ही नावे. जमा सातत्याने अधिक राहिली की शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. या खात्यातील काही नेहमीच्या नोंदी अशा आहेत. आकडे अर्थातच अंदाजाचे आहेत. वजन आणि कृती यांनुसार ते थोडे बदलतात.

– पांढऱ्या ब्रेडचा एक काप (सुमारे २८ ग्रॅम): ७० उष्मांक
– बिनतुपाची एक पोळी किंवा फुलका (३० ग्रॅम कणीक): ९५ उष्मांक
– एक लादीपाव (सुमारे ४५ ग्रॅम): १२० ते १३० उष्मांक
– एक कुलचा (६० ग्रॅम मैद्याचा, लोण्याशिवाय): २१० उष्मांक
– लोणी, चहाचे दोन चमचे (१० ग्रॅम): ७२ उष्मांक
– जॅम, एक मोठा चमचा (२० ग्रॅम): ५० ते ५५ उष्मांक
– साखर, चहाचे दोन चमचे (१० ग्रॅम): ४० उष्मांक

या यादीवरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. एका कापात एका पोळीपेक्षा कमीच उष्मांक आहेत. मग पाव वजन वाढवतो, असा अनुभव अनेकांना का येतो? याची उत्तरे तीन ठिकाणी शोधावी लागतात: पावाची तृप्ती देण्याची क्षमता, पावाबरोबर येणारे पदार्थ आणि नकळत वाढणारी संख्या.

पोट भरते, पण तृप्ती होते का?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतील पिष्टमय गर आणि अंकुर. मैदा तयार करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकले जातात. भारतीय अन्नघटकांच्या २०१७ च्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. तेवढ्याच मैद्यात ते जेमतेम पावणेतीन ग्रॅम उरतात. पावात यीस्टमुळे निर्माण झालेल्या हवेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे तो मऊ लागतो, फारसा चावावा लागत नाही आणि झपाट्याने खाल्ला जातो. 'पोट भरले' हा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचण्याआधीच चार काप संपलेले असतात.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी एक उद्बोधक प्रयोग केला. प्रत्येकी सुमारे २४० उष्मांक मिळतील एवढ्या प्रमाणात ३८ पदार्थ लोकांना दिले आणि पुढील दोन तास त्यांना भूक किती जाणवते याची नोंद घेतली. पांढऱ्या पावाची तृप्ती १०० धरून इतर पदार्थांची मोजणी झाली. अख्ख्या गव्हाच्या पावाला १५७ गुण मिळाले, अंड्यांना १५०, मसूरवर्गीय डाळीला १३३ आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३. केकचे गुण मात्र केवळ ६५ भरले. उष्मांक तेवढेच असूनही समाधान वेगवेगळे मिळते, हा या प्रयोगाचा बोध आहे. सकाळी आठ वाजता खाल्लेला ब्रेड अकरा वाजता पुन्हा भूक लावत असेल, तर कार्यालयाखालच्या ठेल्यावरील ब्रेड पकोड्याचा हिशोबही वास्तविक त्याच नाश्त्याच्या खात्यात मांडायला हवा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही येथे आठवतो. वीस व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. ताटात वाढलेले उष्मांक, साखर आणि तंतुमय पदार्थ दोन्ही वेळा सारखेच ठेवले होते. किती खायचे, हे मात्र त्यांच्यावर सोपवले होते. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात ते रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाऊ लागले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. हा प्रयोग केवळ पावाचा नव्हता. तरीही मऊ, तयार आणि पटकन संपणारे अन्न हाताला आवर घालू देत नाही, हे त्यातून दिसले.

तपकिरी रंगाचे आकर्षण

पांढरा पाव वाईट, तर मग तपकिरी पाव घ्यावा, असा सोपा मार्ग अनेक जण स्वीकारतात. येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत.

पहिली सूचना रंगाविषयी. तपकिरी रंग कॅरॅमलमुळेही येऊ शकतो. वेष्टनावरील घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. त्या यादीत अग्रस्थानी मैदा असेल, तर रंग कोणताही असला तरी तो पाव मुख्यतः मैद्याचाच आहे. कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरातील अटी वाचाव्यात, तशीच ही यादीही वाचावी.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. स्पेनमधील नवारा विद्यापीठाच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक व्यक्तींचा सरासरी पाच वर्षे मागोवा घेण्यात आला. दररोज पांढरा पाव दोन वेळा किंवा त्याहून अधिक खाणाऱ्यांमध्ये वजन प्रमाणाबाहेर जाण्याची शक्यता, तो क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली. अख्ख्या धान्याच्या पावाबाबत असा संबंध दिसला नाही. म्हणजे निवड करायचीच असेल, तर अख्ख्या गव्हाचा पाव निश्चितच बरा. मात्र रक्तातील साखरेवरील परिणामाच्या दृष्टीने पाहता, २००८ च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात ग्लुकोजचा निर्देशांक १०० धरला असता पांढऱ्या पावाचा ७५ आणि गव्हाच्या पिठाच्या पावाचा ७४ असा जवळजवळ सारखाच दिला आहे. चपातीचा निर्देशांक ५२ आहे. पीठ फार बारीक दळले की अख्ख्या धान्याचा लाभ बराचसा उणावतो.

याहून मोलाचा निष्कर्ष आपल्याच देशातून आला. 'इंडिॲब' पाहणीच्या आहारविषयक माहितीचे विश्लेषण सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांना मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे त्यात आढळले. पिष्टमय पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्या गटात स्थूलता आणि मधुमेह यांची शक्यताही अधिक होती. विशेष म्हणजे, शुद्ध केलेल्या धान्याच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. पिष्टमय पदार्थांतील केवळ ५ टक्के ऊर्जा कमी करून तिच्या जागी डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतील प्रथिने घेतल्यास मात्र मधुमेहाची शक्यता घटलेली आढळली.

मराठी घरांना याचा अर्थ सरळ आहे. पाव सोडून चार पोळ्या खाणे, किंवा पोळी सोडून चार तपकिरी काप खाणे, ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेली वर्गणी झाली. एकूण शिल्लक तेवढीच राहते. ताटातील धान्याचा एकूण वाटा उतरला आणि त्याची जागा डाळ, उसळ, दही व भाजी यांनी घेतली, तरच ताळेबंद बदलतो.

थेंबे थेंबे

आवर्त ठेवीचे सामर्थ्य बँकेच्या ग्राहकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. छोटी पण नियमित रक्कम कालांतराने मोठी होते. वजनाचेही तसेच आहे. केव्हिन हॉल यांच्या २०११ च्या गणितानुसार दैनंदिन आहारात कायमस्वरूपी सुमारे २४ उष्मांकांची भर पडली, तर वजन कालांतराने सुमारे एक किलोने वाढून स्थिरावते. त्यातील निम्मी वाढ पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व वाढ तीन वर्षांत होते. या हिशोबाने रोजचा एक जादा काप, तोही लोण्याविना, तीन वर्षांत सुमारे तीन किलोंची भर घालू शकतो. त्यावर चमचाभर लोणी आणि जॅम पडले, तर हा आकडा दुपटीकडे जातो. वाढ अमर्याद होत नाही, कारण जड झालेले शरीर खर्चही अधिक करते. परंतु तोपर्यंत गुडघे, रक्तदाब आणि रक्तशर्करा यांनी त्याचे व्याज भरलेले असते.

आता एकट्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या नाश्त्याकडे पाहू. चार काप, दोन चमचे लोणी, एक मोठा चमचा जॅम आणि चहातील दोन चमचे साखर यांची बेरीज सुमारे ४५० उष्मांक होते. त्यात प्रथिने थोडी आणि तंतुमय पदार्थ त्याहून थोडे. याऐवजी दोन काप आणि थोड्या तेलावरचे दोन अंड्यांचे ऑम्लेट घेतल्यास सुमारे ३३५ उष्मांकांत भागते आणि दुपारपर्यंत भूकही आवरते. शाकाहारी व्यक्तीला दोन फुलके आणि वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ हाच लाभ देते. पावाला यात मज्जाव नाही, त्याचा वाटा तेवढा निम्म्यावर आला आहे.

काही प्रचलित समजुती

ब्रेड भाजून खाल्ला की उष्मांक कमी होतात, ही समजूत चुकीची आहे. भाजताना पाणी उडून जाते, ऊर्जा जात नाही. चहाबरोबरच्या रस्कचे तर विपरीतच आहे. पाणी नाहीसे आणि साखर व स्निग्ध पदार्थ अधिक, त्यामुळे १०० ग्रॅम ब्रेडमध्ये २५० उष्मांक असतील तर तेवढ्याच रस्कमध्ये ते ४०० च्या घरात जातात.

ग्लुटेनविरहित पावाने वजन उतरते, हीसुद्धा अलीकडची एक समजूत. उत्तर भारतात सिलिॲक या विकाराचे रुग्ण बरेच आढळतात. त्यांना गहू पूर्णपणे वर्ज्य करावा लागतो आणि त्यांच्यासाठी असा पाव हे औषधच आहे. इतरांसाठी मात्र तो वजन उतरवण्याचा उपाय ठरत नाही, कारण त्यातील तांदळाचे पीठ आणि पिष्ट यांतूनही ऊर्जा मिळतेच.

"भरपूर खाल्ले तरी चालून जिरवू," असेही म्हटले जाते. सत्तर किलो वजनाची व्यक्ती सुखना तलावाच्या काठाने तासभर झपाझप चालली, तर सुमारे २५० उष्मांक खर्च होतात. म्हणजे लोण्याविना साडेतीन काप. चालणे हृदय, स्नायू आणि मन यांसाठी अत्यावश्यक आहे, पण बेहिशोबी खाण्याची वसुली केवळ त्यातून होणे कठीण.

घरचा लेखापरीक्षक

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. दिवसाला २,००० उष्मांकांच्या आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलीटर दूध असा नमुना त्यात आहे. या २५० ग्रॅममध्ये पाव, पोळी, भात, पोहे, रवा आणि सायंकाळची बिस्किटे हे सारे एकत्र मोजायचे असते. सकाळी चार काप झाले असतील, तर रात्रीच्या दोन पोळ्यांमधून त्यांची वजावट व्हायला हवी. बहुतेक घरांत नेमकी हीच नोंद राहून जाते.

स्वतःचे खाते तपासण्यास दोन साधने पुरेशी आहेत. भारतीय प्रौढांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेल्या मर्यादेनुसार पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. महिन्यातून एकदा शिंप्याच्या फितीने तो मोजावा आणि एका वहीत आठवडाभराच्या धान्याची प्रामाणिक नोंद ठेवावी. मधुमेहावर औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आहारातील धान्य एकदम कमी न करता आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तात्पर्य, पाव हा गुन्हेगार नव्हे. तो हलका दिसणारा, पटकन संपणारा आणि म्हणूनच नोंदीतून सहज निसटणारा खर्च आहे. हिशोबात धरला, सोबतीला डाळ, अंडे किंवा उसळ दिली आणि लोणी-जॅमला आवर घातला, तर चंदीगडच्या थंडीतील सकाळी गरम चहाबरोबरचे दोन काप खुशाल खावेत. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचत खात्याला जितकी लागू आहे, तितकीच कमरेच्या घेरालाही. कोणते तळे भरू द्यायचे, हे प्रत्येकाने आपल्या सकाळच्या ताटलीसमोर ठरवायचे आहे.